लाईट गेल्यावर भुलीची नोंद कुठे जाते?

नमस्कार. भुलीच्या संगणकीय नोंदींवरच्या (ऑपरेशनच्या वेळी मॉनिटरचे आकडे आपोआप संगणकात साठवण्याच्या) माझ्या लेखाबद्दल तुमचा आक्षेप थोडक्यात असा: मालवण-देवगडकडे पावसाळ्यात लाईटचा भरवसा नाही, भूलतज्ज्ञ एकटा, तो पेशंटकडे बघणार की स्क्रीनकडे? त्यापेक्षा कागद बरा.

लाईटचं आधी. मॉनिटरला बॅटरी असते, संगणक यूपीएसवर असतो, तरी जनरेटर सुरू होईपर्यंतच्या नोंदी गायब. अशा वेळी आधी पॅसेजमधला नेटवर्क स्विच (ओटीतला, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधला, संगणक सर्व्हरशी जोडणारा डबा) बघा. तो बरेचदा साध्या प्लगवर असतो. पडद्यावर नाडी दिसत राहते, सर्व्हरपर्यंत काहीच पोचत नाही. तेव्हा स्विचही यूपीएसवर हवा, ओटीतल्या संगणकाने नोंद आधी स्वतःकडे साठवायला हवी आणि ट्रॉलीच्या खणात कोरे छापील चार्ट हवेत. पाच मिनिटं आकडे आले नाहीत की कागदावर जायचं, हे लिहूनच ठेवा. नंतर तो कागद स्कॅन करून जोडायचा. आकडे पुन्हा टाईप करायला घेतले की चुका झाल्याच. आणि सर्व्हर तळमजल्यावर नको, हे २०२१च्या जुलैतला चिपळूणचा पूर बघितलेल्यांना वेगळं सांगायला नको.

कागद बरा, हे मात्र पटत नाही. सिझेरियनला स्पायनल (पाठीच्या कण्यातून दिलेली भूल) दिल्यावर पहिल्या काही मिनिटांत बीपी पडतं, म्हणून कफ दर एक-दोन मिनिटांनी फुगवतात. तेव्हा हातात फेनिलेफ्रिनची (बीपी वर आणणाऱ्या औषधाची) सिरिंज असते, पेन नव्हे. चार्टवरचे ठिपके मग आठवणीने पडतात, आणि आठवणीतून निघालेली रेघ फार गुळगुळीत असते. मशीन ८०/४२ आलं तर ८०/४२च लिहितं. अर्थात सिस्टीम दर पाच मिनिटांचाच आकडा साठवत असेल, तर तीही तो खड्डा गिळते. ही सेटिंग पुरवठादाराकडून एकदा मागून बघाच.

मशीन खोटंही लिहितं. आर्टेरियल लाईन (धमनीत घातलेली, बीपी सतत मोजणारी नळी) फ्लश केली, म्हणजे द्रव सोडून धुतली, की प्रेशर ३०० दाखवतं. कफ आणि सॅच्युरेशनचा (रक्तातल्या ऑक्सिजनचा) प्रोब एकाच हाताला असले की कफ फुगताना सॅच्युरेशन नाहीसं. असा आकडा पुसायचा नाही. शेजारी ‘फ्लश’ एवढा शेरा, वेळेसह. पुसलेला आकडा ऑडिट ट्रेलमध्ये (कोणी कधी काय बदललं याच्या आपोआप नोंदीत) दिसतोच, आणि कोर्टात ती दुरुस्ती वाटत नाही, लपवाछपवी वाटते.

स्क्रीनबद्दल तुमचं बरोबर आहे. इंडक्शनपासून (भूल चढवायला लागल्यापासून) श्वासाची ट्यूब फिक्स होईपर्यंत टायपिंग बंद. फक्त एका बटणाने वेळ टिपायची. औषधांचे डोस मॉनिटरला कळत नाहीत, ते हात मोकळा होताच भरायचे. पण याच्या उलट प्रकार जास्त घातक: टेम्प्लेटमधून शेवट आधीच भरून ठेवणं. नळी अजून घशात, आणि चार्टवर ‘एक्स्ट्युबेशन (नळी काढणं) झालं, पेशंट जागा’.

लेखात घड्याळ राहून गेलं होतं. मॉनिटर आणि संगणकाच्या वेळेत फरक असला की औषध आधी की बीपी आधी, हेच सांगता येत नाही. दर सोमवारी पहिल्या केसआधी दोन्ही वेळा जुळवायचं काम ओटी टेक्निशियनच्या नावावर टाका. ही ओळ लेखात आज घातली आहे.