आधी नाली, मग टर्फ

नागपुरात फुटबॉलच्या सोयींचा विषय निघाला की मागणी ठरलेली असते: नवं स्टेडियम, नाहीतर कृत्रिम टर्फ. कामठी, मोहननगरसारख्या वस्त्यांनी हा खेळ जपला तो साध्या मातीच्या मैदानांवर. तीच मैदानं आज पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा झाली आहेत. माझं मत स्पष्ट आहे. पैसा थोडा असेल तर पहिला रुपया पाण्याच्या निचऱ्यावर घाला. 45 अंशांच्या उन्हात टर्फ किती तापते, हे दुपारी तिच्यावर हात ठेवला तरी कळतं.

आपली काळी माती भिजली की फुगते आणि मग पाणी जवळपास मुरतच नाही. ते उतारानेच बाहेर काढावं लागतं. बहुतेक ठिकाणी यावर मुरूम टाकून मोकळे होतात. मैदान कोरडं दिसतं खरं, पण त्यावर हरळी धड धरत नाही आणि पोरगं घसरलं की गुडघ्यापासून मांडीपर्यंत सोलून निघतं. थोडीशी रेती मिसळणं त्याहून वाईट, कारण चिकण मातीत ती अडकते आणि उन्हाळ्यात सगळं विटेसारखं कडक होतं. ओल्या मातीवर रोलर फिरवणंही थांबवा. त्याने मातीतली हवा जाते आणि गवताची मुळं गुदमरतात.

उतार एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत जाणाऱ्या मधल्या रेषेपासून दोन्ही लांब कडांकडे 1 टक्का पुरे. मैदान 60 मीटर रुंद असेल तर मधोमध 30 सेंमी उंची. कडेची माती खरवडून मध्ये टाकायची, 15 सेंमीच्या थरांनी, जेमतेम ओलसर करून दाबायची. मिस्त्रीची पाण्याची लेव्हल नळी मोजमापाला चालते. टचलाइनच्या, म्हणजे लांब कडेच्या रेषेच्या, 2 मीटर बाहेर 45 सेंमी रुंद चर खोदायचा: सुरुवातीला 40 सेंमी खोल, 100 मीटरवर 90 सेंमी. आत जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) अंथरून वरपर्यंत 20 मिमी गिट्टी भरायची. कापड नसेल तर दोन पावसाळ्यांत काळा गाळ गिट्टीत बसतो आणि चर बुजतो. चराचं पाणी शेवटी मनपाच्या नालीत सोडायचं, म्हणून खोदण्याआधी त्या नालीचा तळ मोजा. तो चराच्या तळापेक्षा वर असेल तर नालीचंच पाणी मैदानात येईल. कित्येक कामं नेमकी इथेच फसतात.

हरळीचे ठोंब जुलैत 15-20 सेंमी अंतरावर लावा आणि निदान सहा आठवडे त्यावर खेळ नको. एका वेळी अर्धं मैदान घेतलं तर सराव बंद पडत नाही. उन्हाळ्यात अख्ख्या मैदानाला पाणी देणं क्लबला झेपणारं नाही: 7000 चौरस मीटरवर 10 मिमी पाणी म्हणजे 70,000 लिटर. हरळी वाळली तरी मुळांतून परत फुटते. गोलसमोरचे 18 बाय 6 मीटरचे दोन पट्टे तेवढे ओले ठेवा. एका पट्ट्याला साधारण 1,100 लिटर लागतात.

लहान मुलांना मोठ्यांच्या गोलपोस्टखाली उभं करणं मला अजिबात पटत नाही. दहा वर्षांच्या गोलकीपरचा हात आठ फुटांवरच्या बारला पोहोचत नाही, मग पोरं उंच मारायलाच शिकतात. दहाच्या आतल्यांना 12 बाय 6 फुटांचा गोल आणि 4 नंबरचा लहान चेंडू द्या. हलवता येणाऱ्या पोस्टच्या मागच्या पाइपवर रेतीची पोती हवीतच. नुसत्या खुंट्या भेगाळलेल्या मातीत सैल होतात, आणि बारला लोंबकळणाऱ्या मुलावर अख्खी पोस्ट उलटते. आखणीला विरीचा चुना नको, डोळ्यांत गेला तर भाजतो; खडूची फक्की वापरा.

मुलींना खेळायला बोलावता, तर दार लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह मैदानावर असलंच पाहिजे.

मंडप, सभा आणि लग्नांना मैदान देणाऱ्यांनी अनामत रक्कम घ्यावी, आणि खड्डे बुजवून खिळे लोहचुंबकाने वेचल्याशिवाय ती परत करू नये. ही तपासणी तिथल्या क्लबकडे लेखी सोपवावी.

यातलं मातीकाम मे महिन्यातच उरकायला हवं. मृगाच्या सरी पडल्या की काळ्या मातीत जेसीबी रुततो आणि काम थेट दिवाळीनंतरच हाती घेता येतं.