डेटा स्वस्त झाला, नंबर महाग झाला

जुलै 2024 मध्ये तिन्ही खासगी मोबाइल कंपन्यांनी रिचार्जचे दर वाढवले. तेव्हापासून मुंबईतल्या सोसायटीच्या, शाळेच्या, नातेवाइकांच्या अशा झाडून सगळ्या ग्रुपांवर एकच वाद अधूनमधून उकळी घेतो. एक पार्टी म्हणते, पुरे झाली लूट, सगळ्यांनी बीएसएनएलला पोर्ट करा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदला. दुसरी म्हणते, एवढा स्वस्त डेटा जगात कुठे मिळत नाही, मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्नला तीनशे मोजता आणि रिचार्जला रडता? मग कुणीतरी आम्हा बाहेर राहणाऱ्यांना मध्ये ओढतं, "तुमच्या लंडनला काय पडतं रे?" आकडा सांगितला की पौंडाला शंभर-सव्वाशेने गुणायचं, उत्तर हजारात आलं की "बघा!" म्हणायचं, आणि वाद मिटला.

हा गुणाकार बघून डोकं फिरतं. पगाराला, घरभाड्याला, वडापावला गुणायचं नाही, फक्त रिचार्जला गुणायचं. बरं, तेही सोडा. सगळा वाद चालतो डेटाच्या भावावर, आणि वाढलाय तो नंबर जिवंत ठेवायचा खर्च.

जिओ 5 सप्टेंबर 2016 ला आलं आणि डेटाचे भाव कोसळले, ते अजूनही खालीच आहेत. रोज दीड जीबी देणारा 28 दिवसांचा पॅक 239 चा 299 झाला, तरी वापराच्या मानाने तो स्वस्तच म्हणायचा. आता दुसरा आकडा बघा, जो ग्रुपवर कुणी काढत नाही. 'लाइफटाइम' सिम घेऊन वर्षानुवर्षं नुसत्या इनकमिंगवर काढणारी माणसं मुंबईत घरोघरी होती. 2018 च्या अखेरीस कंपन्यांनी किमान रिचार्ज आणलं, 28 दिवसांना 35 रुपये. पुढची चढण एअरटेलची बघितली तर 2021 मध्ये आधी 79, त्याच वर्षअखेरीला 99, मग 24 दिवसांना 155, आणि जुलै 2024 ला 28 दिवसांना 199. सहा वर्षांत साडेपाच पटीहून जास्त. वर्षात असे 13 रिचार्ज बसतात, म्हणजे 2587 रुपये. हे कशासाठी, तर फोन वाजावा आणि ओटीपी यावा. ज्याला डेटा नकोच आहे, त्याच्या गळ्यातही या पॅकमधून थोडा डेटा मारलेला असतोच.

रोज तीन तास रील बघणाऱ्याला ही वाढ कळत नाही. ती कळते घरकामाला येणाऱ्या मावशींना, ज्यांचा नंबर आधारला, बँकेला, गॅसच्या सबसिडीला जोडलेला असतो. कीपॅडचा फोन वापरणाऱ्या गिरगावातल्या आजोबांना कळते. आणि, हे म्हणायला जरा जड जातं, आम्हालाही कळते. त्याकडे नंतर येतो.

नंबर नुसता चालू ठेवायला लंडनमध्ये जवळजवळ काहीच लागत नाही. गिफगॅफ नावाच्या ब्रँडचं पे-ॲज-यू-गो, म्हणजे वापराल तेवढेच पैसे घेणारं सिम असेल तर सहा महिन्यांतून एकदा कॉल किंवा मेसेज केला की नंबर शाबूत. रोजचा वापर असेल तर सिम-ओन्ली, म्हणजे फोनशिवाय नुसत्या सिमचा प्लॅन घेऊन महिना पाच ते दहा पौंडांत भागतं. असे ब्रँड स्वस्त कसे, तर टॉवर त्यांचे नसतातच, ते ओटू, थ्री, व्होडाफोन, ईई या चार मूळ नेटवर्कांचे. गिफगॅफ आणि टेस्को मोबाइल ओटूच्या नेटवर्कवर, स्मार्टी आणि आयडी मोबाइल थ्रीच्या, वॉक्सी आणि लेबारा व्होडाफोनच्या, लायका ईईच्या. सिम-ओन्लीत फोनचे हप्ते नाहीत, बहुतेकांची दुकानं नाहीत, तक्रार असली तर चॅटवर झगडायचं. सिग्नल मात्र तोच. त्यामुळे पोस्टकोड टाकून कव्हरेज बघायचं ते मूळ नेटवर्कचं. मग आपल्या मॉडेलला त्या ब्रँडवर व्होल्टी (4जीवरून कॉल) आणि वाय-फाय कॉलिंग चालतं का, हे विचारून घ्यायचं, कारण सगळे देतातच असं नाही. 3जी इथे बंद झालंय. व्होल्टी नसेल तर कॉलच्या वेळी फोन थेट 2जीवर घसरतो, थ्रीचं तर स्वतःचं 2जीही नाही, आणि बेसमेंट फ्लॅटमध्ये वाय-फाय कॉलिंग नसेल तर बोलायला पायऱ्या चढून फुटपाथवर यावं लागतं. मुंबईहून आणलेल्या हँडसेटांत हे कधीकधी होतं: नेट पळतं, कॉल लागत नाही, कारण त्या मॉडेलचं व्होल्टी इथल्या नेटवर्कने मान्य केलेलं नसतं.

अशी सोय भारतात कायद्याने शक्य आहे. दुसऱ्याचं नेटवर्क घाऊक घेऊन आपल्या नावाने विकणाऱ्यांसाठी परवान्याचे नियम 2016 मध्येच निघाले. पण मुंबईकराच्या तोंडी असलेला असा एक मोबाइल ब्रँड सांगा. नाही. म्हणजे तिकडे स्वस्त कंपनीकडे जायचं तर टॉवरच बदलतात. "पोर्ट करा" म्हणणारे आणि त्यांना हसणारे, दोघेही हे सोडून बाकी सगळं बोलतात.

आणि "बीएसएनएलला चला" अशा हाका दादर-ठाण्यातून देणाऱ्यांना एक विचारायचंय. मुंबईत ते एमटीएनएल होतं ना? पोस्टपेडचं डॉल्फिन, प्रीपेडचं ट्रम्प, 9869 ने सुरू होणारे नंबर, सगळं विसरलात? बीपीएल मोबाइलचं पुढे लूप झालं, फक्त मुंबईपुरतं नेटवर्क, आणि नोव्हेंबर 2014 मध्ये परवाना संपून ते बंद पडलं. तेव्हा लाखो लोकांनी पोर्टच केलं होतं. सोडून आलेल्या शहराच्या बंद पडलेल्या कंपन्या पाठ असणं ही काही मिरवायची गोष्ट नव्हे. तरी मिरवतो.

एमटीएनएलच्या मोबाइलचा कारभार आता बीएसएनएल बघतं. 27 सप्टेंबर 2025 ला बीएसएनएलच्या 4जीचं देशपातळीवर उद्घाटन झालं, टीसीएस, तेजस आणि सी-डॉटच्या देशी यंत्रणेवर. चांगलंच आहे. पण देशी म्हणून घाईने उडी मारू नका आणि सरकारी म्हणून हसू नका. आधी वेगळ्या नंबराचं सिम घेऊन ते फोनच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये महिनाभर चालवा. तुमचा फोन 4जीचे बँड (लहरींचे पट्टे) 1 आणि 28 दोन्ही पकडतो का बघा, कारण जुन्या फोनांत 28 नसतो, आणि भिंतीतून आत शिरतो तो तोच, 700 मेगाहर्ट्झचा. सेटिंगमध्ये व्होल्टी चालू करा. एमटीएनएलचं जुनं सिम ड्रॉवरमध्ये सापडलं तर ते घालून निकाल देऊ नका, 4जीचं सिम वेगळं लागतं. तपासायचं कुठे, तर घरात सगळ्यात आतल्या खोलीत, लिफ्टमध्ये, ऑफिसच्या टेबलावर, आणि गर्दीच्या वेळी कुर्ला ते घाटकोपर लोकलमध्ये, जिथे एकेका सेलवर, म्हणजे टॉवरच्या एकेका पट्ट्यात, हजारो फोन असतात. वेग बघायचा तो रात्री नऊ ते अकरा. दुपारी दोनचा स्पीड टेस्ट ग्रुपवर टाकण्यात अर्थ नाही.

उंच टॉवरात राहणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. लोअर परळला पंचविसाव्या मजल्यावर सिग्नलच्या कांड्या पूर्ण असतात आणि कॉल तुटतात. अँटेना खाली रस्त्याकडे झुकवलेले असतात, वरच्या फोनला मात्र लांबलांबचे दहा सेल एकदम दिसतात आणि तो त्यांच्यात उड्या मारत राहतो. त्यावर उपाय इमारतीच्या आतली अँटेना यंत्रणा, आणि ती कुठल्या कंपनीला बसवू द्यायची हे बिल्डर ठरवतो. इमारतींना मोबाइल जोडणीचं रेटिंग द्यायचे नियम दूरसंचार नियामक ट्रायने 2024 मध्ये काढले, ते याचसाठी. फ्लॅट घेताना हे विचारणारा अजून दुर्मीळ. सोसायटीच्या सभेत मात्र ठराव ठरलेला: नेटवर्क हवं, गच्चीवर टॉवर नको. आणि लॅमिंग्टन रोडवरून सिग्नल वाढवणारा बूस्टर आणून लावू नका. विनापरवाना बूस्टर बेकायदा असतो आणि शेजारच्या दोन इमारतींचा सिग्नल बिघडवतो.

महिनाभर चाचणी चांगली गेली तर पोर्ट करा. इंग्रजीत पोर्ट, स्पेस, दहा आकडी नंबर, असा एसेमेस 1900 ला. उत्तरात आठ अक्षरी यूपीसी कोड येतो, मुंबईत तो चार दिवस चालतो. तो आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. त्याच सर्कलमध्ये, म्हणजे दूरसंचारच्या त्याच विभागात, तीन कामाचे दिवस लागतात. मुंबई हे वेगळं सर्कल आहे, त्यामुळे पुण्याचा किंवा नाशिकचा नंबर मुंबईत आणताना पाच. कोड आलाच नाही तर कारण बहुधा ठरलेलं असतं: आधीच्या कंपनीत 90 दिवस झाले नाहीत, पोस्टपेडची बाकी राहिली आहे, किंवा गेल्या सात दिवसांत सिम बदललं आहे. हा शेवटचा नियम 1 जुलै 2024 पासूनचा. शिल्लक बॅलन्स आणि पॅकचे उरलेले दिवस सोबत येत नाहीत, म्हणून 84 दिवसांचं रिचार्ज मारून दुसऱ्या आठवड्यात पोर्ट करू नये. बदल होताना काही तास नंबर मेलेला असतो, त्या रात्री बँकेचं काम काढू नका. नवं सिम लागलं की यूपीआय ॲप नव्याने पडताळणी मागतं, म्हणून आउटगोइंग एसेमेसपुरता तरी पॅक असू द्या. आणि पश्चात्ताप झाला तरी 90 दिवस परत फिरता येत नाही. महिनाभराची चाचणी त्यासाठीच.

कंपनी न बदलता पैसे वाचवायचा रस्ताही आहे. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने फक्त कॉल आणि एसेमेसचे पॅक देणं बंधनकारक केलं. सुरुवातीच्या किमती लगेच उतरून जिओचा 84 दिवसांचा 448 वर आला, एअरटेलचा 469 वर, आणि एअरटेलचाच 365 दिवसांचा 1849 वर. आजोबांना 199 चे 13 रिचार्ज मारून देणाऱ्या नातवांनी ही वजाबाकी करावी. या दरांनी 738 रुपये वाचतात. ॲप उघडल्यावर हे पॅक समोर येतीलच असं नाही, खाली शोधावे लागतात.

आता तुलना हवीच आहे तर तीही घ्या. मेसेज पाठवून पोर्ट करणं भारतात 20 जानेवारी 2011 पासून देशभर चालू आहे. ब्रिटनमध्ये 65075 ला मेसेज करून पीएसी, म्हणजे इथला यूपीसी, मिळायला 1 जुलै 2019 उजाडला. तोवर इथे फोन करून, "का सोडताय?" याची उत्तरं देत बसावं लागायचं. हे सांगितलं की ग्रुपवर अंगठे पडतात. पुढचं सांगितलं की पडत नाहीत: पीएसी 30 दिवस चालतो, नंबर पुढच्या कामाच्या दिवशी बदलतो, 90 दिवसांची अट नाही, आणि कंपन्यांना लॉक केलेले, म्हणजे फक्त त्यांच्याच सिमवर चालणारे, फोन विकायला डिसेंबर 2021 पासून बंदी आहे.

राहता राहिलो आम्ही. पौंडांत कमावणारे, आणि मुंबईचा नंबर कमीत कमी किती रुपयांत जगेल याचा हिशोब सगळ्यात बारकाईने करणारे. कारण विचारलं तर बँकेचा ओटीपी सांगतो, आयकर सांगतो, आईवडिलांच्या फ्लॅटचं वीजबिल सांगतो. पण अनिवासी भारतीयांच्या एनआरई-एनआरओ खात्याला ब्रिटनचा नंबर लावून यूपीआय वापरायची मुभा 2023 च्या जानेवारीतच मिळाली, सुरुवातीच्या दहा देशांत ब्रिटन होतंच. म्हणजे कारण बरंचसं सरलंय. खरं असं की 9820 ने सुरू होणारा नंबर, म्हणजे मुंबईतल्या एकेकाळच्या ऑरेंज कंपनीचा, सोडून देणं हे रेशन कार्डावरून आपणच आपलं नाव कमी करून आल्यासारखं वाटतं. त्या नंबरावर वर्षभरात येतात ते लोनवाल्यांचे कॉल, आणि तेही रात्री साडेतीनला. तरी सोडवत नाही. म्हणून रिचार्जच्या वादात आमचं मत तटस्थ समजू नका. किमान रिचार्ज कमी व्हावं यात आमचा स्वार्थ मावशींच्या गरजेमागे लपून बसलेला असतो.

सोडायचाच नसेल तर नीट ठेवा. पॅक संपवून, न वापरता पडलेला नंबर 90 दिवसांनंतर बंद होतो आणि पुढे दुसऱ्याला दिला जातो, मग तुमचे ओटीपी त्याच्या फोनवर. वर्षाचा कॉल-एसेमेसचा पॅक मारा, इंटरनॅशनल रोमिंग मुंबईतच चालू करून घ्या, लंडनला उतरल्यावर त्या सिमचं डेटा रोमिंग बंद ठेवा आणि त्यावर आलेला कॉल उचलू नका. ई-सिम करायचं तर मुंबईत असतानाच करा, त्याचा संमतीचा कॉल त्याच नंबरावर येतो. फक्त परतीच्या विमानाच्या दिवशी नको. सिम बदलल्यावर 24 तास एसेमेस बंद असतात, आणि बँकेला ओटीपी नेमका तेव्हाच आठवतो.