पगार नका विचारू, पण पट्टी दाखवा

'दुसऱ्याच्या पैशाची चौकशी करू नये' हा सल्ला एका लेखात वाचला; पगारापुरता तो मान्य. गणपतीत चाकरमानी ओटीवर टेकतो न टेकतो तोच 'किती मिळतात?' विचारणारे आमच्याकडेही आहेत, ते थांबायलाच हवं. पण हाच संकोच आम्हा हापूस बागायतदारांना महागात पडतो. पावसाळ्यात कल्टार (मोहोर यावा म्हणून झाडाच्या मुळाशी घालायचं औषध), थंडीत फवारण्या, दोन्हीसाठी वाशीच्या फळबाजारातल्या दलालाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायचे, मग आंब्याच्या पेट्या त्यालाच. विक्रीनंतर दलाल देतो त्या हिशेबाच्या कागदात, म्हणजे पट्टीत, हमाली, भाडं किती कापलं, हे शेजारी शेजाऱ्याला सांगत नाही. पट्टी दाखवली तर उचल घेतल्याचं कळेल ना!

आमच्या वाडीत काहींनी पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर एकाच गाडीतून गेलेल्या, एकाच प्रतीच्या पेट्यांना वेगवेगळा दर. त्यानंतर उचलीचा आकडा कुणी कुणाला विचारला नाही, पण दर मात्र रोज विचारतात.