नावात बदल करणेबाबत

बँकेच्या पासबुकात माझ्या नावातील एक वेलांटी चुकली होती. ती दुरुस्त करून घेण्यासाठी मला ‘नावात बदल करणेबाबत’ असा विषय घातलेला अर्ज, एक प्रतिज्ञापत्र, दोन छायाचित्रे आणि आयुष्यातील तीन महिने एवढा ऐवज द्यावा लागला. त्याच बँकेने परवा आमच्या फुटबॉलच्या मैदानाचे नाव एका संध्याकाळीत बदलून टाकले, आणि लहानपणापासून तिथे घसा बसवून घेणाऱ्या आमच्यापैकी कोणाची साधी सहीसुद्धा मागितली नाही.

हे दुःख जगभरचे आहे, अशी मी स्वतःची समजूत घालून पाहिली. फ्रँकफुर्टचे मैदान म्हणजे ‘वाल्डस्टाडिओन’, अर्थात वनातले मैदान. झाडीत उभ्या असलेल्या मैदानाला याहून सरळ नाव कोणाला सुचणार? २००५ साली त्याला कॉमर्झबँकेचे नाव मिळाले, २०२० साली ते जाऊन डॉइश बँकेचे आले, आणि लोक मात्र अजूनही वनातच जातात. त्यातही २००६ च्या विश्वचषकात, अधिकृत प्रायोजकांखेरीज कोणाचे नाव दिसता कामा नये या फिफाच्या नियमापायी, रोख मोजून घेतलेले ते नाव ऐन लग्नसराईत माळ्यावर टाकावे लागले. न्यूकॅसलकरांचे नशीब थोर म्हणायचे. २०११ मध्ये त्यांच्या सेंट जेम्सेस पार्कला क्लबमालकाच्याच दुकानांचे नाव चिकटवले गेले, आणि पुढच्याच वर्षी कर्जे देणाऱ्या एका कंपनीने नावाचे हक्क घेऊन जुने नाव परत केले. गहाण पडलेली वस्तू सावकाराने आपण होऊन घरी आणून दिल्याचे दुसरे उदाहरण निदान मला तरी ठाऊक नाही.

आमच्या नशिबी तसा सावकार नाही. नवे नाव इतके लांबलचक आहे की ते उच्चारून होईपर्यंत चेंडू या गोलपासून त्या गोलपर्यंत जाऊन येतो. पहिल्या दिवशी ध्वनिक्षेपकावरचे गृहस्थ तर भरात ‘मर्यादित’ हा शब्दही वाचून गेले.

गेल्या शनिवारी मी आतेभावाला सामन्याचे तिकीट पाठवले आणि ‘गेटवर भेट’ एवढेच कळवले. त्याने तिकिटावरचे नाव फोनच्या नकाशात घातले आणि नकाशाने त्याला इमानेइतबारे बँकेच्या शाखेत नेऊन सोडले. आमच्यावर दुसरा गोल चढला त्याच क्षणी त्याचा फोन आला. गर्दी बरीच असली तरी शिस्त वाखाणण्यासारखी आहे, आपल्याला सत्तेचाळीस क्रमांकाचे टोकन मिळाले असून बाविसावे चालू आहे, आणि प्रवेशाचा शिक्का बहुधा तीन नंबरच्या खिडकीवर मिळेल, असे तो म्हणाला.

मध्यंतरानंतर तो धापा टाकत माझ्या शेजारी येऊन बसला, तेव्हा त्याच्या हातात मुदत ठेवीची पावती होती. वारसदार म्हणून त्याने प्रेमाने माझेच नाव लावले होते, आणि त्यातली वेलांटी चुकलेली होती.