खुलासा : उशिरा येणाऱ्या प्रवाशांसाठी क्रूझ थांबत नाही

‘विमानाला उशीर झाला तरी जहाज थांबतं, त्याच दिवशी सकाळी पोहोचलं तरी चालतं’ असा सल्ला फिरतो आहे. कृपया त्यावर विसंबू नका. जहाज सुटण्याच्या तासभर, कधी दीड तास आधीच प्रवेश बंद होतो. क्रूझ कंपनीमार्फत विमान तिकीट काढलं असेल, तर ती पुढच्या बंदरावर पोहोचवायला सहसा मदत करते. स्वतः काढलं असेल, तर तो खर्च बहुधा आपलाच. म्हणून किमान आदल्या दिवशी पोहोचा, लांबचा प्रवास असेल तर दोन दिवस आधी. आणि हॉटेल ठरवताना बंदर नेमकं कुठे आहे ते बघाच! ‘रोम’हून सुटणारी जहाजं प्रत्यक्षात चिवितावेक्कियाहून निघतात, रोमपासून सुमारे ७० किलोमीटरवरून.