‘हिप हिप हुर्रे’ आणि जेरुसलेम: त्या मेसेजमधलं काय खोटं आहे

पालकांच्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज असा: मुलांना वाढदिवसाला ‘हिप हिप हुर्रे’ म्हणू देऊ नका. ‘हिप’ म्हणजे मूळचं ‘हेप’, ‘हिएरोसोलिमा एस्ट पेर्दिता’ या लॅटिन वाक्याची आद्याक्षरं. अर्थ ‘जेरुसलेम गेलं’. क्रुसेडर, म्हणजे जेरुसलेमसाठी लढणारे मध्ययुगातले ख्रिस्ती योद्धे, कत्तल करताना ही घोषणा देत. ‘हुर्रे’ म्हणजे इंग्रजांनी मराठ्यांकडून उचललेलं ‘हर हर’. इंग्रजी दवंडीतली ‘ओयेझ’ ही हाळी म्हणजे आपलं ‘ओ, ये!’. आणि पार्लमेंटातलं ‘हिअर, हिअर’ म्हणजे ‘इकडे बघा’. भाचीच्या केकसमोर पोरांना यावरून गप्प बसवलं, तेव्हा उत्तर द्यायलाच हवं.

आद्याक्षरांची गोष्ट सगळ्यात वाईट, कारण तिच्यात खऱ्या रक्तपाताची सरमिसळ आहे. ‘हेप हेप’ ही ज्यूंविरुद्धची आरोळी होती, हे मान्य करावंच लागतं. पण ती १८१९ची. त्या वर्षी ऑगस्टमध्ये व्यूर्त्सबुर्ग शहरात दंगल पेटली, मग जर्मनीभर पसरली. ज्यूंची घरंदुकानं फोडली गेली. इतिहासात तिला ‘हेप-हेप दंगली’ असंच नाव आहे. क्रुसेडच्या काळातल्या इतिवृत्तांत ही आरोळी सापडत नाही. तिथे सापडते ती ‘देउस वुल्त’, म्हणजे ‘देवाची इच्छा’. शिवाय ‘पेर्दिता’ म्हणजे गमावलेली. १०९९मध्ये जेरुसलेम जिंकून आत शिरलेले क्रुसेडर ‘शहर गेलं हो’ असं कशाला ओरडतील? साध्या शिपायांना लॅटिन येत नव्हतं, ते वेगळंच. आणि आद्याक्षरं जोडून बोलीतला शब्द घडवण्याची चाल मुख्यतः विसाव्या शतकातली, ‘रडार’सारखी. जुन्या शब्दाची अशी फोड कुणी दिली की आधीच सावध व्हावं.

‘हिप’ करतो काय, ते ऐका. एक जण एकटा ‘हिप हिप’ म्हणतो. शब्द आखूड, शेवटी ओठ मिटतात, क्षणभर शांतता होते आणि त्या फटीत सगळे श्वास घेतात. मग ‘ह’चा सोडलेला श्वास आणि मोकळा स्वर: ‘हुर्रे!’ असं तीनदा. ‘गणपती बाप्पा’ एकाने म्हणायचं आणि ‘मोरया’ सगळ्यांनी, तीच रचना. ‘हिप’ हा इशारा आहे. अठराव्या शतकातल्या इंग्रजीत तो कुणाचं लक्ष वेधायला मारलेली हाक म्हणून येतो. जयघोषाला जोडला गेला एकोणिसाव्यात.

‘हर हर’चं म्हणाल तर तारखा जुळवून बघा. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात प्रत्येक शब्दाखाली सनावळीसकट उतारे असतात, सगळ्यात जुना सगळ्यात वर. ‘हुर्रे’चा थोरला भाऊ ‘हुझा’. तो १५७०च्या दशकापासून इंग्रजीत आहे. ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली १६०० साली, शिवरायांचा जन्म १६३०चा. ‘हुर्रा’ हे रूप १६८०च्या दशकात दिसतं, आणि तोवर इंग्रज सुरत-मुंबईत होते, हे खरं. पण तेवढ्याने उसनवारी सिद्ध होत नाही. ‘हुझा’ खलाशांची आरोळी होती असं जुने लेखक सांगतात. त्यापलीकडे खात्रीची व्युत्पत्ती नाही. रशियन ‘उरा’ही याच जातीचा आवाज. मोठ्याने ओरडताना तोंडातून असेच स्वर निघतात. ‘हर हर महादेव’ला मोठं व्हायला इंग्रजांच्या शब्दाची गरज नाही.

‘ओयेझ’ हे अँग्लो-नॉर्मन फ्रेंचमधलं अनेकवचनी आज्ञार्थी रूप: ‘ऐका!’ मुळाशी लॅटिन ‘आउदिरे’, ज्या घराण्यातलं ‘ऑडिओ’. १०६६मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर तिथल्या दरबार आणि कोर्टकचेऱ्यांत फ्रेंच आली. १३६२मध्ये कोर्टात इंग्रजी बोलण्याचा कायदा झाला, तरी ही हाळी टिकली. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात कामकाज सुरू होताना ती आजही तीनदा देतात. आपल्याकडे ढोल बडवून ‘ऐका हो ऐका’ म्हणत, ते याच कामाचं. अर्थ तोच आहे म्हणून शब्द तोच ठरत नाही.

राहिलं ‘हिअर, हिअर’. ते मूळचं ‘हिअर हिम’, म्हणजे ‘त्याचं ऐका’. मेसेजमध्ये त्याचं इंग्रजी स्पेलिंगही चुकलंय: ‘hear’ (ऐका) ऐवजी ‘here’ (इकडे). ‘इकडे’ असा अर्थ तिथूनच आला.