सोळाशे रुपयांचे गरे

ट्रिपचा खजिनदार कोण होणार असं मंदारने विचारलं तेव्हा बाकीच्या चौघांनी एकदम मोबाईलमध्ये डोकं घातलं आणि मी नेमका चहा पीत होतो, म्हणजे माझे दोन्ही हात कपाला गुंतलेले होते, तर एवढ्याच पात्रतेवर माझी बिनविरोध निवड झाली. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरीही असाच झालाय म्हणतात.

आम्ही सहा जण, सगळे चाळिशीच्या अल्याड-पल्याड, व्हिएतनाम, नऊ दिवस, हनोईपासून खाली होई अनपर्यंत. टूर कंपनीबरोबर जायचं म्हणजे सकाळी पोहे आणि बसमध्ये अंताक्षरी, आपण बॅकपॅकिंग करायचं, हा मंदारचा हट्ट. त्यामुळे सगळ्यांनी नव्याकोऱ्या सॅक घेतल्या, पाठीवर प्रत्येकी दहा-अकरा किलो, त्यात शिल्पाच्या सॅकमध्ये एक किलो थालीपिठाची भाजणी. ती होस्टेलमध्ये कुणाच्या तव्यावर लावणार होती हे तिला आजही सांगता येत नाही, भाजणी नऊ दिवस व्हिएतनाम बघून परत पुण्याला आली.

काँट्री माणशी 200 डॉलर. हनोईत बँकेच्या काउंटरवर 1200 डॉलर दिले आणि बाईंनी मला साधारण तीन कोटी डाँग दिले. तीन कोटी! मी आयुष्यात पहिल्यांदा करोडपती झालो आणि ते कोटी कमरेच्या पाऊचमध्ये मावले, कारण सगळ्यात मोठी नोट पाच लाखाची, म्हणजे साठ नोटा झाल्या की संपलं. हिशोब सोपा आहे असं मंदार म्हणाला, दोन शून्यं उडवायची आणि तीनने भागायचं, आले रुपये. शून्यं उडवायला काही नाही हो, पण तिकडे बाजारात आधीच तीन शून्यं उडवलेली असतात, पाटीवर नुसतं 35के लिहिलेलं, मग आधी तीन शून्यं लावा, मग दोन काढा, मग तीनने भागा, आणि हे सगळं मागे पाच जण 'महाग आहे का रे, घेऊ का रे' करत उभे असताना.

दुसऱ्या रात्री जुन्या हनोईत फिरत होतो. रस्ता कसा ओलांडायचा हे एव्हाना जमलं होतं, पुण्यात आपण गाडीला चुकवतो, तिथे आपण बैलासारखं एका चालीने चालत राहायचं, गाड्या आपल्याला चुकवतात. फुटपाथवर बालवाडीतल्यासारखी प्लास्टिकची बुटकी स्टुलं, त्यावर बसून लोक जेवतायत, आम्हीही बसलो, बसणं सोपं होतं, उठताना सहा जणांच्या गुडघ्यांचा जो आवाज आला त्याने शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. तर तिथेच एक मावशी हातगाडीवर फणसाचे गरे विकत होत्या. केतकी म्हणाली, अय्या फणस, घे ना!

इथे सांगायला पाहिजे की मी राजापूरकडचा. आमच्या आगरात फणस पडून सडतो. मे महिन्यात आई येईल-जाईल त्याच्या गळ्यात फणस मारते, पोस्टमनसुद्धा आमच्या घरी पत्र टाकून पळतो. असा मी, हनोईत फणस विकत घेतोय. गरे छान होते, कापा म्हणजे घट्ट, बरक्यासारखे लिबलिबीत नाहीत, एकेक गरा सोलून पिशवीत भरलेला. वीस हजार, म्हणजे सत्तरेक रुपये. मी निळी नोट काढून दिली आणि निघालो.

आता वीस हजाराची नोट निळी. आणि पाच लाखाचीही निळी. दोन्ही त्याच प्लास्टिकच्या, दोन्हीवर तेच हो चि मिन्ह, तेच शांत हसणं. दिवसाउजेडी नीट बघितलं तर फरक कळतो, पण रात्री पिवळ्या बल्बखाली, चष्मा डोक्यावर आणि मागून शिल्पा 'चल ना' करत असताना काय डोंबल कळणार. होस्टेलवर येऊन नोटा मोजल्या तर वीस हजाराची जागच्या जागी आणि पाच लाखाची एक कमी.

म्हणजे सोळाशे रुपये हवेत. कोकणातल्या माणसाने. फणसापायी.

मी सांगणारच नव्हतो, पण मंदारचं एक्सेल रात्रीच्या रात्री टॅली व्हायला लागायचं. सुशांत हसून हसून वरच्या बंकवरून खाली यायचा बाकी होता. अनिकेतने शांतपणे भागाकार केला, माणशी 267 रुपये. केतकीने उरलेले गरे खाताना प्रत्येक गऱ्याची किंमत जाहीर करायला सुरुवात केली, हा ऐंशी, हा ऐंशी, ही आठळी पण फेकू नकोस रे. सकाळी आईचा फोन आला, तिला कुणी सांगितलं देव जाणे, ती एवढंच म्हणाली, 'अरे मेल्या, मागच्या वर्षी न्यायला सांगत होते तेव्हा पाठ दुखत होती ना तुझी?'

तिथून पुढे माझ्या हातातल्या प्रत्येक नोटेवर पाच जणांची नजर.

पुढचा मुक्काम गुहांचं फोंग न्या, तिथे जायला रात्रीची स्लीपर बस. चढताना बूट काढायचे, ड्रायव्हरचा माणूस प्लास्टिकची पिशवी देतो त्यात घालायचे आणि स्वतःच्या बुटाच्या वासासकट झोपायचं. तीन रांगा, दोन मजले, आणि आपले पाय पुढच्याच्या डोक्याखालच्या एका खोक्यात. तो खोका कुणाचे पाय मोजून बनवलाय माहीत नाही, मंदार सहा फुटी, तो रात्रभर एम अक्षरासारखा झोपला. मी कमरेचा पाऊच पोटावर घेऊन दोन्ही हात त्यावर ठेवून पडलो, शिल्पाने फोटो काढला, त्यात मी अंत्यदर्शनाला ठेवल्यासारखा दिसतो. रात्री अडीचला बस थांबली, दाराशी एका टोपलीत रबरी चपला, सगळ्या बसला मिळून, हात घालाल ती आपली. मला दोन्ही डाव्या पायाच्या मिळाल्या. त्या घालून पाय फरफटवत जात होतो तर मागून सुशांत ओरडला, 'पैसे मी देतो, तू नोटेला हात लावू नको!'

केतकी शाकाहारी, तिने घरूनच एक वाक्य पाठ करून आणलं होतं, 'आन चाय', म्हणजे मी शाकाहारी आहे. पहिल्यांदा तिने ते म्हटलं तेव्हा आम्हाला वाटलं चहाच सांगतेय, अनिकेत म्हणाला पाच सांग. पण शब्द खरंच कामाचा, चाय लिहिलेली हॉटेलं तिकडे बरीच आहेत, चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला तर तिथले कितीतरी लोक शाकाहारीच जेवतात, आपल्या चतुर्थीसारखं. बाकी ठिकाणी मात्र नुसत्या भाजीवरही फिश सॉस मारलेला असायचा, ती नाक लावून ताट परत पाठवायची आणि मी ते ताट कुणाच्या खात्यात टाकायचं ह्यावर मंदारशी भांडायचो.

फोंग न्यात गुहेत नदीतून होडीने जातात. होडीचं भाडं माणशी नसतं, अख्ख्या होडीचं असतं, आणि होडीत आम्ही सहा बसून अजून तेवढेच मावतात. माझ्यातला खजिनदार पेटला. धक्क्यावर उभं राहून जवळजवळ अर्धा तास मी शेअर रिक्षावाल्यासारखा गिऱ्हाईक गोळा करत होतो, 'टू मोअर, टू मोअर', शेवटी दोन डच, एक कोरियन जोडपं आणि एक एकटा जर्मन असे पाच मिळाले. आत गेल्यावर इंजिन बंद करून वल्हवतात, वर छताला टांगलेले दगडाचे झुंबर, पाण्याचा थेंब पडला तरी ऐकू येतं एवढी शांतता, आणि त्या शांततेत मंदार हळूच म्हणाला, 'अकरात भागलं तर दोनशे ऐंशी वाचले. फणसातून ते वजा जाता राहिले तेराशे वीस.'

ह्युए ते दा नांग ट्रेनने केलं. डाव्या हाताला समुद्र, डोंगर थेट पाण्यात उतरलेला, अतिशय सुंदर आहे असं सगळे सांगतात. मी उजवीकडच्या सीटवर नोटा मोजत होतो.

होई अनला शिंपी चोवीस तासात सूट शिवून देतात. सुशांतने ब्लेझर शिवायला टाकला आणि तो कॉमन खर्चात धरावा असं त्याचं म्हणणं, कारण फोटो सगळ्यांचे येणार. बिअरवरून वेगळंच, केतकी पीत नाही म्हणून मंदारने 'न पिणारे' असा कॉलम केला, मग अनिकेत म्हणाला मी एकच प्यायलो, मला 'कमी पिणारे' मध्ये टाक. बाहेर नदीवर शेकडो कंदील लागलेले, लोक पाण्यात दिवे सोडतायत आणि आम्ही सहा जण एका मोबाईलच्या स्क्रीनभोवती कोंडाळं करून.

परत आल्यावर सगळ्यांचं देणंघेणं मिटलं, 267 सोडून. ते ग्रुपवर दर पंधरा दिवसांनी कोणीतरी वर काढायचं. शेवटी मे महिन्यात गावाहून येताना मी एसटीच्या टपावर पाच फणस टाकले, पुण्यात एकेकाच्या दारात नेऊन ठेवला आणि ग्रुपवर लिहिलं, हिशोब पूर्ण.

मंदारने एक्सेलमध्ये एंट्री टाकली, 'फणस, जमा', आणि खाली कमेंट: 'कापा आहे की बरका? बरका असेल तर शंभरच धरतो.'